निर्जन म्हणे!

'निर्जन' हा शब्द पूर्वी फक्त दोन ठिकाणी भेटायचा. एक भुताच्या गोष्टीत आणि दुसरा वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर. गोष्टीतल्या निर्जन वाड्यात अमावास्येला कंदील हलायचा आणि वर्तमानपत्रातल्या निर्जन स्थळी कोणाच्या तरी पाटल्या काढून घेतलेल्या असायच्या. आमची आजी हा शब्द ताकीद म्हणून वापरायची. 'तिन्हीसांजेला तिकडून येऊ नका रे, रस्ता निर्जन आहे.' आता तोच शब्द जाहिरातीत आलाय. 'निर्जन सागरकिनारा, फक्त तुम्ही आणि समुद्र!' असं छापून खाली दर दिलेला असतो आणि माणसं जितकी कमी तितका तो जास्त असतो. गिरगाव चौपाटीवर हजारो माणसं फुकट मिळतात. तीच वजा करून दिली की दर रात्री, दर माणशी, अमुक हजार. वजाबाकीला एवढा भाव आलेला मी दुसऱ्या कुठल्याही बाजारात पाहिलेला नाही.

माझं भांडण गर्दी टाळणाऱ्यांशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अडतीस वर्षं लोकलच्या दांड्याला लोंबकळून नोकरी केलेला माणूस आहे मी. चार दिवस दुसऱ्याचं कोपर आपल्या बरगडीत नसावं, ही इच्छा मला समजते. 'किनारा मोकळा होता' म्हणा. 'निवांत होता' म्हणा. माझं काही म्हणणं नाही. पण 'तिथे कोण्णी म्हणजे कोण्णी नव्हतं हो!' हे सांगताना लोकांची मान जी कोलंबसासारखी ताठ होते, तिच्याशी माझं भांडण आहे. कोलंबसालाही किनाऱ्यावर माणसं भेटली होतीच की! त्यानेही ती धरली नाहीत, एवढंच.

आमचे एक मित्र आहेत. बँकेत होते. आयुष्यभर खिडकीपुढे रांग बघितल्यामुळे असेल कदाचित, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना माणूस नसलेल्या जागांचं वेड लागलंय. 'कोणालाच माहीत नसलेला किनारा' शोधून काढायचा आणि तो कोणालाच माहीत नाही हे सर्वांना सांगत सुटायचं, हा त्यांचा सध्याचा उद्योग. एका मुंजीत, हात धुवायच्या रांगेत उभं असताना, त्यांनी एक अज्ञात किनारा सतरा जणांना सांगितला. रस्त्याच्या खाणाखुणांसकट.

"अहो, तिथे आम्हांला एक चिटपाखरू दिसलं नाही!"

"किती जण गेला होतात?" मी विचारलं.

"आम्ही अकरा."

म्हणजे जिथे अकरा माणसं होती तिथे कोणी नव्हतं! बँकेत यांनी शिल्लक कशी जुळवली असेल, देव जाणे. शिवाय त्यांचा शब्दसंग्रह. 'अनस्पॉइल्ट' हा त्यांतला सौम्य शब्द. 'व्हर्जिन बीच' हा त्याच्यापुढचा. सहासष्ट वर्षांचा गृहस्थ चारचौघांत हे म्हणू लागला की त्यांच्या सौभाग्यवती खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागतात.

तर ह्या मित्रांच्या टोळीने गेल्या जानेवारीत आरवली-शिरोड्याकडचा किनारा 'शोधला'. वेंगुर्ले तालुक्यातला. खाली तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. योगायोगाने आमच्या सौ.चे मामा तिथलेच, त्यामुळे आम्ही दोघं मामांकडे उतरलो आणि मित्रांची आठ माणसं दोन जिपांसह एका रिसॉर्टवर. मामांच्या घरामागे माडांची बाग, बागेमागे सुरूची रांग, रांगेमागे वाळू. एक दिवस सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर घालवायचा, असा बेत होता.

मामांच्या घरात पहाटे पाचला चहा होतो. नको म्हणायची सोय नाही, कारण तो होताना भांड्यांचा जो आवाज निघतो त्यातून फक्त मयत माणूस झोपू शकेल. चहा पोटात जातो न जातो तोच मामा म्हणाले, "जावयबुवा, चला. रापण बघूक."

रापण ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी गाळाव्यात. होडीतून जाळं घेऊन माणसं समुद्रात शिरतात. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्यांच्या हातात असतं. होडी जाळं सोडत सोडत मोठा अर्धा वळसा घालते आणि दुसऱ्या दोराचं टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि ओढायला सुरुवात होते. यंत्र नाही, चाक नाही. पाय वाळूत रोवायचे आणि मागे रेलायचं. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्यापाशी जातो, पुन्हा धरतो, पुन्हा मागे मागे येतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात. हे काम पाच मिनिटांचं नव्हे, तासन्‌तास चालतं. जाळं जवळ आलं हे पहिल्यांदा कळतं घारींना, मग कावळ्यांना, मग कुत्र्यांना, मग टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना आणि सर्वांत शेवटी माझ्यासारख्या पाहुण्याला.

मी माणसं मोजली. दोन्ही दोरांवर मिळून चौतीस. होडीतले सहा. बायका एकोणीस. शाळेआधी डोकावून जायला आलेली पोरं सात. सुटीवर आलेला एक पोलीस, लुंगीत. आणि एक अतिशय वृद्ध गृहस्थ, जे काहीच करत नव्हते, फक्त सगळ्यांचं चुकतंय असं सांगत होते. शिवाय मी. मीसुद्धा दोर धरला. पाचेक मिनिटं झाली असतील नसतील, मागून एका म्हातारीचा आवाज आला, "ओ पावणे, ओढतास काय नुसते धरून उभे रवलास?" अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं अचूक मूल्यमापन कोणत्याही साहेबाने केलं नव्हतं.

जाळं आलं. तारल्या बऱ्या होत्या, बांगडे बेताचे. वाळूवरच वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि तरी पंधरा मिनिटांत हिशेब मिटला. आरडाओरडा भरपूर झाला, पण तो हिशेबाचाच भाग असावा. मला दोर धरून उभं राहिल्याबद्दल चार बांगडे मिळाले. मी ते नको नको म्हणत घेतले. म्हणजे आपल्याकडे घेतात तसे.

नऊ वाजेपर्यंत सगळं संपलं. टोपल्या बाजाराला गेल्या, पोरं शाळेत गेली, जाळं वाळत पडलं, माणसं सुरूच्या सावलीत शिरली. भरती चढत होती, तिने पावलांचे ठसेही पुसून टाकले. आणि सव्वादहाला, डोक्यावर गवती टोपी घालून, आमचे मित्र वाळूवर अवतरले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! एकही माणूस नाही!"

मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? रात्री दोन वाजता मंडईत जायचं आणि 'पुण्यात भाजी मिळत नाही' असा शोध लावायचा, त्यातलाच हा प्रकार. सव्वादहाला आलेल्याला किनारा रिकामा दिसणारच. नाटक सुटल्यावर आत शिरलात तर थिएटरही निर्जनच सापडेल. दुपारी बाराला तर तो अधिक निर्जन झाला. उन्हात तापलेल्या वाळूवर बाराच्या ठोक्याला गावकरी येऊन बसत नाहीत, ह्याला गर्दीचा अभाव म्हणत नाहीत, अक्कल म्हणतात. तिथे त्या वेळी पडून होते ते आमचे मित्र. तेल लावून.

पण खरी गंमत साडेदहाला झाली होती. माणूस नाही ह्या आनंदाची पहिली पंधरा मिनिटं सरली आणि मित्रांना चहाची आठवण झाली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"इथे चहा मिळत नाही का कुठे?"

मी म्हटलं, "इथे कोणी नाही ना! चहा काय खेकडे करणार?"

त्यांना ते आवडलं नाही. पण माझा आक्षेप नेमका इथेच आहे. ह्या लोकांना माणसं नको असतात असं नाही. न दिसणारी माणसं हवी असतात. चहा हवा, पण टपरी नको, दृश्य बिघडतं. शहाळं हवं, पण माडावर चढणारा फोटोत नको. कपडे बदलायला खोली हवी, गोड्या पाण्याचा नळ हवा, आणि दुपारच्या ताटात सुरमई हवी. ताजी! सुरमई ताजी, आणि किनाऱ्यावर कोळी एकही नाही! मग ती सुरमई काय स्वतःहून ताटात येऊन पडणार, मीठ-मसाला लावून? रिसॉर्टच्या मागच्या बाजूला एक पोरगा भेटला. त्याचं काम काय, तर पहाटे उठून समोरची वाळू झाडायची. भरतीबरोबर आलेल्या बाटल्या, चपला, दोऱ्या उचलायच्या, म्हणजे आठला उठणाऱ्या पाहुण्यांना किनारा 'अस्पर्श' दिसतो. अस्पर्श किनाऱ्याला रोज खराटा लागतो, हे ज्ञान मला त्या पोराने दिलं.

मित्र काही हार मानणारे नाहीत. सतरंजीवर पालथे पडल्यापडल्याच ते म्हणाले, "म्हणजे तुला इथेसुद्धा कळंगुट झालेलं हवंय का?"

हा ह्या मंडळींचा हुकमाचा एक्का. निर्जनला विरोध केला की तुम्ही गर्दीचे वकील. पण मी विचारतो, कळंगुट कोणी केलं? गर्दी आवडणाऱ्यांनी? ते बिचारे चौपाटीवर भेळ खात सुखात होते! साठ-सत्तरच्या दशकांत गोव्याच्या त्या वाळूवर आधी हिप्पी आले, ते 'इथे कोणी नाही' म्हणत. मग ह्या कोणी-नाहीतल्यांना बघायला बसगाड्या भरभरून माणसं आली. थायलंडमध्ये माया बे म्हणून एक किनारा आहे. कोणाला ठाऊक नसलेल्या किनाऱ्याच्या गोष्टीवर एक इंग्रजी चित्रपट निघाला, 'द बीच' नावाचा, २००० साली. त्याचं चित्रीकरण तिथे झालं. त्यानंतर कोणाला ठाऊक नसलेला तो किनारा बघायला जगभरातून इतके लोक लोटले की २०१८ साली तिथल्या सरकारने तो सरळ बंद केला. पाण्यातलं प्रवाळ मरायला टेकलं होतं. उघडला तो २०२२ मध्ये, हजार अटी घालून. म्हणजे गर्दीची पहिली पावलं निर्जनवाल्यांचीच असतात. हे पुढे जाऊन रस्ता दाखवतात आणि मग मागून येणाऱ्यांच्या नावाने नाकं मुरडतात. एकदा नाक मुरडून झालं की पुढचा किनारा.

आणि किनारा मोकळा ठेवण्याबद्दल म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामं नकोत असं बजावलं होतं. त्यातूनच पुढे १९९१ चा किनारा-नियमनाचा कायदेशीर बडगा आला. त्या पत्रात इमारती नकोत असं होतं, माणसं नकोत असं नव्हतं. मोकळा आणि निर्जन ह्यांतला फरक आमच्या आजीला कळायचा. घरात चार पाहुणे बसलेले असले तरी ओसरी मोकळी असू शकते.

बरं, निर्जन म्हणायचं तरी कुठल्या गावाला! ह्याच आरवलीच्या जयवंत दळवींना 'सारे प्रवासी घडीचे' लिहिताना पुस्तकात मावणार नाहीत इतकी माणसं इथे भेटली, आणि ह्या गृहस्थाला एकही दिसेना. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर शाळामास्तर होते. शिरोड्याच्या मिठागरावर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा इंग्रज सरकारला तिथे इतकी माणसं दिसली की लाठ्या घेऊन पोलीस आणावे लागले. रात्रीचं म्हणाल तर रात्रीसुद्धा इथे वेतोबा असतो. आरवलीचा हा ग्रामदेव रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्याथोरल्या चामड्याच्या वहाणा वाहतात. त्या देवळात जाऊन बघाव्यात. ज्या गावात देवालासुद्धा रात्रपाळी आहे, तिथे येऊन कोणी 'इथे कोणी नाही' म्हणावं म्हणजे कमाल झाली.

दुपारी जेवणं झाली. चारच्या सुमाराला मित्रांच्या टोळीतल्या एका तरुण जावयाला स्फूर्ती झाली. तो एक जीप घेऊन थेट वाळूवर आला. येताना मर्यादवेलीवरून. ही वेल कोकणातल्या कुठल्याही वाळूच्या कडेला दिसते. आपट्याच्या पानासारखी दोन भागांची पानं, जांभळट फुलं, आणि वाळू धरून ठेवणाऱ्या लांबच लांब दोऱ्या. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल. समुद्राला ते नाव कळतं, जावयाला कळलं नाही. ओल्या वाळूवरून दोन फेऱ्या मस्त झाल्या, तिसरीला मागची चाकं रुतली. त्याने जोर दिला. चाकं आणखी रुतली. मग सगळ्यांनी आपापल्या परीने सल्ले दिले आणि प्रत्येक सल्ल्यागणिक जीप चार बोटं खाली गेली. दुपारची भरती चढू लागली होती. पहिली लाट चाकाला लागून परत गेली तेव्हा मित्रांच्या चेहऱ्यावरचा निर्जनाचा आनंद पार ओसरला.

"अरे, इथे कोणी आहे का नाही?" मित्र ओरडले.

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

होते ना! सुरूच्या सावलीत आठ-दहा जण जाळ्याची भोकं सांधत बसले होते. मित्र सकाळपासून दोनदा त्यांच्या पुढून गेले होते. त्यांतला एक जण उठला, त्याने तोंडाला हात लावून हाक दिली, आणि दहा मिनिटांत त्या निर्जन किनाऱ्यावर तीस माणसं उभी राहिली. सकाळचीच. रापणीचा दोर आणला, जिपेला बांधला. सकाळी मला टोमणा मारणारी म्हातारी टोपली बाजूला ठेवून बघायला उभी राहिली. एका सुरात ओरडा झाला आणि जीप बांगड्याच्या जाळ्यासारखी हळूहळू वर आली. फरक इतकाच की जाळ्यात काहीतरी खाण्यासारखं होतं.

मित्रांनी पाकीट काढलं. पुढचा माणूस म्हणाला, "पैशे नको. गाडी हंय हाडलास कित्याक? परत हाडू नका." एवढं बोलून तो पुन्हा जाळ्याकडे गेला. ह्यावर टोळीतल्या एका बाईंनी "किती साधी माणसं नाही?" असं म्हटलं. मला तरी त्यात साधेपणा वगैरे दिसला नाही. मला तो चक्क राग वाटला, आणि योग्य जागी आलेला.

त्या माणसाच्या शेजारी मी जाऊन बसलो. पन्नाशीचा असेल. हात चालू ठेवून बोलत होता. पूर्वी ह्या एवढ्या वाळूवर तीन रापणी लागायच्या, आता एक लागते. "तीय माणसां गावली तर. ओढूक कोण आसा? झील मुंबैत." आणि माणसं मिळाली तरी मासे हवेत. बाहेर खोल पाण्यात पर्ससीनवाले ट्रॉलर असतात. बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं खालून आवळतात आणि अख्खा थवाच्या थवा उचलतात. किनाऱ्यापर्यंत येणार काय? ह्याविरुद्ध रापणकरांनी आणि इतर पारंपरिक मच्छीमारांनी किती आंदोलनं केली! २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. २०१७ साली केंद्राने लख्ख एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला बंदी केली. आदेश निघाले, समुद्रात कागद भिजायला वेळ लागत नाही.

हे ऐकताना मला मामांच्या वाटेवरची घरं आठवत होती. सकाळी येताना मी कुलपं मोजली होती, सहा. गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडलीच तर उघडतात. मामांच्या घरातच एके काळी चौदा माणसं जेवायला बसायची, आता मामा, मामी आणि रेडिओ. सिंधुदुर्ग जिल्ह्याची २००१ सालची लोकसंख्या होती ८ लाख ६८ हजार, २०११ साली भरली ८ लाख ४९ हजार. ज्या दहा वर्षांत सगळ्या देशात माणसं मावेनाशी झाली, त्या दहा वर्षांत ह्या जिल्ह्यातून माणसं कमी झाली. १९९७ साली हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, २०२१ साली चिपीला विमानतळ झाला. रस्ते सगळे यायचे म्हणून बांधले आणि गावचे लोक त्यांवरून गेले! आता ह्याच्यापुढे तुमचा तो शब्द ठेवून बघा, 'निर्जन'. जाहिरातवाल्याला तो गुण वाटतो. दाराला कुलूप लावून गेलेल्या माणसाला विचारा काय वाटतो ते. शेवटचा झील मुंबईला गेला, शेवटचं जाळं सडलं, की किनारा खराखुरा निर्जन होईल. पण त्या दिवशी आमच्या मित्रांच्या जावयाची जीप ओढायला कोण येणार आहे, हे त्यांनी आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

संध्याकाळी सगळा गाव वाळूवर आला. म्हणजे जेवढा उरलाय तेवढा. पोरांचं क्रिकेट सुरू झालं, म्हातारे उभ्याउभ्या राजकारण बोलू लागले, दोघी जणी मुलीच्या लग्नाचं काहीतरी ठरवत चालल्या होत्या. कुरवांचा एक थवा पाण्याच्या कडेला बसला होता, तो क्रिकेटच्या चेंडूबरोबर उठायचा आणि पुन्हा बसायचा. वारा पडला होता, सूर्य अगदी खाली आला होता, आणि इतकी माणसं असूनही किनारा इतका मोकळा होता की प्रत्येकाला आपापली हाक दोनदा मारावी लागत होती.

मित्र मात्र अस्वस्थ होते. सूर्यास्ताचा फोटो घ्यायचा होता आणि सूर्याच्या बरोबर पुढ्यात विकेटकीपर उभा होता. ते फोन घेऊन डावीकडे सरकले, तिथे म्हातारे. उजवीकडे सरकले, तिथे कुत्रा. शेवटी गुडघाभर पाण्यात जाऊन, सगळ्या गावाकडे पाठ करून, त्यांनी फोटो घेतला आणि तिथल्या तिथे दोनशे लोकांना पाठवला. खाली मजकूर, 'एकही माणूस नाही!'

मग पँट पिळत ते मामांपाशी आले. मामा वाळूत काठी रोवून बसले होते.

"काका," मित्र म्हणाले, "इथे फारच वर्दळ आहे हो. ह्याच्या पुढे अशी एखादी जागा आहे का, जिथे अगदी कोणीच येत नाही?"

"आसा तर," मामा म्हणाले. "ती सुरवाची रांग सोपता मां, तेच्या पल्याड. थंय कोण जाणा नाय."

मित्रांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहून घ्यायला फोन काढला. "नाव काय म्हणालात त्या जागेचं?"

"मसण," मामा म्हणाले. मग जरा विचार करून, पाहुण्याची फसवणूक होऊ नये म्हणून असेल, पुढे म्हणाले, "पण थंयसुद्धा अधनंमधनं कोण ना कोण येताच."